जुना डिझेल पिकअप घेतलाय? पहिलं भाडं भरण्याआधी एवढं तपासा

महाराष्ट्रात जुना पिकअप घेणारे बहुतेक जण बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा अशोक लेलँड दोस्त यांपैकी एखादी गाडी घेतात. या गाड्या रिकाम्या क्वचितच पळालेल्या असतात. बाजार समितीत भाजीपाला, घाटातून कांदा, बंदरावरून मासळी, बांधकामावर खडी असं वजन रोज वाहून त्या तुमच्या दारात येतात. म्हणून मीटरवर किती किलोमीटर दिसतात याला फार अर्थ नाही. गाडीने ते किलोमीटर किती वजनाखाली काढले आणि त्या काळात तेल-फिल्टर वेळेवर बदलले का, यावर सगळं ठरतं. नेमकी हीच माहिती विकणाऱ्याकडून मिळत नाही.

"मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केलंय" असं तो सांगेल. बिल दाखवलं तर ठीक, नाहीतर केलेलं नाही असंच धरा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हौसिंगचं (मागच्या अॅक्सलच्या डिफरेन्शियलचं) तेल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर एकदाच बदला आणि त्या दिवशीचं किलोमीटर वहीत लिहून ठेवा. तिथून पुढचा हिशेब तुमचा. मात्र काढलेलं तेल लगेच फेकू नका. ते उजेडात नीट बघा, कारण गाडीचं आतलं दुखणं सर्वांत आधी तिथे दिसतं.

सुरुवातीला आरसी बुकात गाडी कुठल्या बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या) मानकाची आहे ते पाहा. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० पासून. जुन्या गाड्यांत साधा यांत्रिक डिझेल पंप सापडतो. नंतरच्या बहुतेक गाड्यांत कॉमन रेल असते, म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणारी, फार जास्त दाबाची यंत्रणा. बीएस-६ मध्ये त्यावर धूर साफ करणारी आणखी यंत्रणा येते. कोणतं तेल टाकायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे या मानकावर ठरतं.

सकाळी, थंड इंजिनावर

पहिली तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर निम्मी दुखणी झाकली जातात. आणखी एक गोष्ट, इंजिन धुवून चकचकीत केलं असेल तर गळती कुठून आहे ते कळत नाही. दोन-तीन दिवस चालवा आणि मग खालून बॅटरी मारून पुन्हा बघा.

स्टार्ट मारल्यावर धुराचा रंग पाहा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन लगेच थांबला तर काळजी नाही. पांढरा धूर रेंगाळला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा), नोझल (डिझेल फवारणारं) किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो, वास गोडसर आहे आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ते पिस्टनच्या रिंगमधून, व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा टर्बोतून येतं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. तिथे एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि नोझल या क्रमाने तपासा, कारण स्वस्त कारण आधी तपासलेलं बरं.

यानंतर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते पाहा. इंजिन आयडलिंगवर असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून मोकळं करा आणि तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. ते उडून पडत असेल किंवा डीपस्टिक उपसल्यावर त्या नळीतून धूर फुंकल्यासारखा येत असेल, तर जळालेला वायू रिंग ओलांडून खाली चेंबरमध्ये (तेलाच्या भांड्यात) उतरतोय. इंजिन खोलून दुरुस्त करायच्या कामाला आलंय, असा त्याचा अर्थ. यावर कुठलंही तेल किंवा अॅडिटिव्ह उपाय नाही. धूर दाबण्यासाठी विकताना जाड तेल भरलेलं असतं, त्यामुळे नेहमीचं तेल टाकल्यावर धूर अचानक वाढला तर नव्या तेलाला दोष देऊ नका.

इंजिन ऑइल

अडीच लिटरच्या आसपासच्या इंजिनात साधारण ५ ते ७ लिटर तेल बसतं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळेल, पण भरताना शेवटचा शब्द डीपस्टिकचा. बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांना बहुधा १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं डिझेल इंजिन ऑइल लागतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीला कमी राखेचं तेलच हवं, कारण साध्या तेलाची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जाळून निघत नाही.

तेल कोमट असताना काढा, म्हणजे तळाचा गाळही निघतो. डिझेल इंजिनाचं तेल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं होतं, म्हणून काळ्या रंगाने घाबरू नका. दोन गोष्टींना मात्र घाबरायला हवं. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं तर त्यात पाणी उतरलंय. पातळ निघालं, डिझेलचा वास आला आणि डीपस्टिकवर पातळी खुणेच्या वर होती, तर नोझल गळताहेत, पंपाचं सील गेलंय किंवा बीएस-६ मध्ये डीपीएफची सफाई (साचलेली काजळी जाळणं) वारंवार अर्धवट राहतेय. डिझेल मिसळलेल्या तेलावर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत.

जुना ऑइल फिल्टर कापून बघणं हे दहा मिनिटांचं काम आहे, तरी फार थोडे जण करतात. हॅकसॉने कापू नका, त्याचा भुगा आत पडतो आणि तुम्हीच फसता. पत्र्याच्या कात्रीने वरची कड कापा, आतला कागद उलगडून स्वच्छ फडक्यावर दाबा आणि उन्हात धरा. बारीक काजळी दिसणारच. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड-पोलाद आहे. न चिकटणारे पांढरट किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर बेअरिंगची झीज सुरू झाली आहे. असे पापुद्रे दिसले तर माल भरण्याआधी चेंबर उतरवून बेअरिंग बघून घ्या. त्या वेळी बेअरिंगवर निभावतं, उशीर झाला तर क्रँकपर्यंत खर्च जातो.

नवा फिल्टर उभा बसत असेल तर आधी तेलाने भरून घ्या, रबरी रिंगला बोटाने तेल लावा, आणि रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं घाला. जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात फ्लशिंगचं रसायन वापरू नये, असं आमचं ठाम मत आहे. सुटलेला गाळ तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेलाचा दाब पडतो. त्यापेक्षा पहिलं तेल २,००० ते ३,००० किलोमीटरवरच बदला आणि मग पुस्तकातल्या अंतराला या.

टर्बो असेल तर हवेचा पाइप काढून त्याचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतो, मागे-पुढे जाणवण्याइतका हलता कामा नये. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा ओलावा असतोच. तेल साचलेलं मात्र नसावं.

पाणी, कूलंट आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडचा फार जुना आणि नुकसानीचा उपाय आहे. काटा खाली येतो, पण गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. शिवाय इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त लागतं, तेलात गाळ होतो, आणि बीएस-६ गाडीत डीपीएफची सफाईच नीट होत नाही. थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे खोलल्याशिवाय कळतं. थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हाताने चाचपत राहा, पंख्यापासून हात जपून. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि पाणी ८० ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की एकाएकी तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडाच अडकला आहे. नवा बसवा.

पुष्कळ गाड्यांत कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं असतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या वाटांत थर करून बसतात. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी काढा. ते गंजाच्या रंगाचं निघालं तर स्वच्छ पाणी भरायचं, इंजिन गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, काढायचं, असं पाणी नितळ येईपर्यंत करा. मग कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका. काही एकमेकांशी जमत नाहीत आणि जेलीसारखा गाळ होतो. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असंही नसतं.

रेडिएटरच्या जाळीत भुसा, पाचट, किडे, माती अडकलेली असते. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. सकाळी थंड गाडीचा वरचा होज दाबून बघा. रात्रभर उभी राहूनही तो फुगून टणक असेल आणि झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट किंवा हेड तपासायला लावा.

टायमिंगला चेन आहे की बेल्ट, ते पुस्तकात बघा. बेल्ट असेल आणि बदलल्याचा पुरावा नसेल, तर टेन्शनर आणि वॉटर पंपासह बदलून टाका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

हवा आणि डिझेल

एअर फिल्टर नवा टाकाच, पण आधी एक गोष्ट करा. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा पाइप सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोटाला तेलकटपणा लागला तर हरकत नाही. माती लागली तर इंजिन धूळ पीत आलंय, आणि मघाशी बॅक कॉम्प्रेशन दिसलं असेल तर त्याचं कारण इथे सापडलं. खाणीवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात चाललेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. नवा फिल्टर टाकूनही घराची कड नीट बसली नाही, क्लिप तुटलेली असली, तर धूळ बाजूने जातच राहते.

डिझेल फिल्टरखाली पाणी सोडायचा बोल्ट असतो. पारदर्शक बाटली धरून थोडं सोडा आणि बाटली अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळं दिसतं. पावसाळ्यात टाकीच्या सैल झाकणातून आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत साचणाऱ्या दमटपणातून पाणी येतं. कॉमन रेलचा पंप आणि नोझल डिझेलच्याच वंगणावर चालतात, म्हणून पाणी किंवा भेसळ त्यांना लवकर मारते. जुन्या फिल्टरमधून काढलेल्या डिझेलमध्ये चांदीसारखी बारीक चमक दिसली तर पंप झिजतोय. अशा वेळी नुसती नोझल बदलून उपयोग नाही, तो चुरा नव्या नोझलमध्येही जातो.

नवा फिल्टर लावताना मधल्या भोकातून डिझेल ओतू नका. ती गाळून झालेली बाजू आहे, तिथे ओतलेला कचरा थेट पंपात जातो. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा. गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, तर उगाच सेल्फ (स्टार्टर) मारत राहू नका, सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात. आणि कॉमन रेल इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या पाइपचा नट कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडी भेदून शरीरात डिझेल घुसवते. वरून टाचणीएवढं भोक दिसलं तरी ते तातडीने इस्पितळात नेण्याचं काम आहे.

बीएस-६ असेल तर

सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचा पाइप आतून बराचसा स्वच्छ राहतो. दाट काळी काजळी लागली तर डीपीएफ फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय. मग स्कॅनर लावा. नुसते एरर कोड नाहीत म्हणून समाधान मानू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही स्कॅनरवर दिसतं. तो आकडा अगदी कमी असेल तर विकण्याआधी कोड पुसले आहेत.

साचलेली काजळी जाळताना डीपीएफ ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. ही सफाई पूर्ण होण्यासाठी अधूनमधून २०-३० मिनिटं एका वेगात गाडी पळावी लागते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती होत नाही. सफाई चालू असताना वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, पेट घेऊ शकतं. डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर त्यात डीईएफच, पाणी नाही.

क्लच, गिअरबॉक्स, हौसिंग

क्लच तपासायला सपाट मोकळी जागा घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय, आणि भरल्या गाडीने घाटात ती जळेल. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा नाही.

गिअरबॉक्सचं आणि हौसिंगचं तेल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवा, मगच खालचा. वरचा गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून बसला असाल, तर गाडी जागेवरून हलणार नाही. हौसिंगला बहुधा जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं, गिअरबॉक्सला अनेकदा जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा ओतू नका. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातात. चुंबकी बोल्टवर करडी पेस्ट असणं साहजिक आहे. दाताचे तुकडे नकोत.

हौसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, चिखलाने बुजलेला. तो बुजला की गरम हवेला वाट मिळत नाही, ती सील ढकलून बाहेर पडते आणि तेल मागच्या ब्रेक लायनरवर येतं. सील दोनदा बदलूनही गळत असेल तर ब्रीदर बघा. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारताना जुनं ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येईपर्यंत मारा. गाडी उचलताना खालून "टक्" आवाज येत असेल तर क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग गेलंय.

ब्रेक, स्टिअरिंग, चासी, टायर

ही कामं होईपर्यंत गाडीत माल भरू नका. मागचे ड्रम उतरवाच. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा, लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेत का बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ चं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हा आकडा १४० पर्यंत खाली येतो. खंबाटकी किंवा कसारा उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळतं आणि पेडल पोकळ जातं. म्हणून सगळं तेल नवं भरा आणि हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

मागच्या अॅक्सलला दांड्याने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. अनेक गाड्यांत तो दांडा तुटलेला किंवा तारेने बांधलेला सापडतो. मग रिकामी गाडी मागून घसरते, नाहीतर भरलेली थांबत नाही. बूस्टर तपासायला इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. न गेल्यास व्हॅक्युम पंप, होज किंवा बूस्टर पाहा.

पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवून प्ले असेल तर टाय रॉड.

चासीसाठी गाडीखाली झोपून वेळ द्या. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, केबिनच्या मागची जागा आणि हौदा बसवलेले बोल्ट, या तीन ठिकाणी तडे जातात. नंतर वेल्डिंग केलेली पट्टी किंवा त्याच जागी ताजा काळा रंग दिसला तर खरवडून बघा. कारखान्यातून येतात त्यापेक्षा जास्त पाटे घातलेले असतील तर गाडी ओव्हरलोड चालली आहे, मग क्लच आणि हौसिंगकडेही त्याच नजरेने पाहा. कोकणात मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चासीच्या आत आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर बसलेलं असतं. पाइप नखाने खरवडून पापुद्रे निघाले तर सगळे बदला. मागून पाहिल्यावर गाडी तिरकी पळताना दिसली तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलेला असतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर नको. हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगळी.

विजेचं थोडक्यात: उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवी. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ती काढा आणि तशी गरज का पडली ते शोधा.

कागद आणि पहिले १,००० किलोमीटर

फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करा आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. कर्ज होतं का, ई-चलन बाकी आहे का, हे पैसे देण्याआधीच बघायचं असतं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, म्हणून ब्रेक आणि दिव्यांची वरची कामं तशीही टळत नाहीत.

पहिला आठवडा निम्म्या वजनाने चालवा. रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी ऑइल आणि कूलंटची पातळी बघून लिहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर, उघडलेल्या प्रत्येक चाकाचे नट पुन्हा आवळा. पाट्यांना हात लावला असेल तर यू-बोल्टही पहिल्या भरल्या फेरीनंतर आवळा, कारण वजन पडल्यावर पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात. १,००० किलोमीटरला पुन्हा गाडीखाली जा, धुतलेल्या इंजिनावर आणि हौसिंगवर नवी ओल कुठे दिसते ते पाहा, आणि डिझेल फिल्टरखालचं पाणी पुन्हा एकदा बाटलीत सोडून बघा. या वेळीही तळाशी पाणी दिसलं तर टाकी उतरवून साफ करावी लागेल.